त्याची नऊ मिनिटं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून बसलो होतो.

"भावजी, पुन्ना सुरू झालंय. पेटी उचकली, ज्वारीची कोठी उपसली, आता देवघरात घुसलेत. माजं पदक कुटं घातलंस म्हून माज्या अंगावर यायलेत. तुमी या बरं."

"आलोच," मी म्हटलं. तसंच निघावं असं एकदा मनात आलं. पण अर्ध्या दाढीनं गावात शिरलो असतो तर पारावरचे लोक हसले असते, आणि लोकांनी हसू नये म्हणून मी आयुष्यात बरंच काय काय करून ठेवलंय. उरलेली दाढी केली, तोंड धुतलं आणि मोटारसायकल काढली.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला उगाच आशा नको. ते पदक त्याच्या घरात नाही. कुणाच्याच घरात नाही. माझा मित्र बॉक्सिंगसाठी ऑलिंपिकला गेला होता हे खरं, आणि पहिल्याच लढतीत हरून परत आला हेही तितकंच खरं. तीन मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्या. ऑलिंपिकमध्ये तो एकूण नऊ मिनिटं लढला. पदक त्याला मी दिलं. माईकवरून दिलं, शाळांच्या पटांगणात दिलं, जत्रेच्या मांडवात दिलं. आता त्याच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलंय आणि मी दिलेलं तेवढं राहिलंय. तो ते शोधतो. सापडत नाही म्हणून बायकोला चोर म्हणतो.

आम्ही दोघं चुडाव्याजवळच्या एकाच गावचे. तो लिंगायत वाण्याच्या घरचा, बापाचं किराणा दुकान. आमची कोरडवाहू शेती, तीही काकांच्या वाटणीनंतर उरलेली. फौजेतून घरी आलेला एक माणूस गावात होता. त्यानं शेतातल्या लिंबाला सरकीनं भरलेलं पोतं टांगलं आणि आम्हा पाच-सहा पोरांना गुद्दे मारायला शिकवलं. गावाला कुस्ती ठाऊक. गुद्दा मारणं म्हणजे भांडण, आणि भांडणाचा कुणी सराव करतं का? लोक त्या फौजीला खुळा म्हणायचे. बाकीची पोरं पांगली. आम्ही दोघं टिकलो, पुढं खेळाच्या वसतिगृहात गेलो, खेळाच्या जोरावरच रेल्वेत लागलो. तोवर आमचं वजनही सारखंच भरायचं, त्यामुळं एक दिवस समोरासमोर येणं अटळ होतं.

ऑलिंपिकच्या निवडीच्या शेवटच्या लढतीत आलो. त्यानं मला हरवलं. रडीचा डाव नाही, पंचांची चूक नाही, चांगलं स्वच्छ हरवलं. त्याचं नाव यादीत गेलं आणि मला सराव शिबिरात ठेवून घेतलं, कारण मी डावखुरा. त्याच्या वजनात बाहेरच्या देशांचे डावखुरे बरेच होते. त्यांचा मार खायची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी त्याच्यासमोर मला उभं करायचे. तसा मी पूर्वीपासूनच त्याच्यासमोर उभा होतो. लिंबाच्या झाडाखालीही आम्ही दोघंच होतो, वसतिगृहातही दोघंच. सरावात डोक्याला कवच घालायची आम्हाला लाज वाटायची. कवच घालणारा पोरगा भित्रा, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. मी चुकवण्यात हुशार होतो. तो चुकवायचाच नाही. पुढं यायचा, दोन खायचा आणि मग एक द्यायचा. ती त्याची पद्धत होती आणि तिचं सगळे कौतुक करायचे.

ऑलिंपिकहून तो आला तेव्हा पूर्णा स्टेशनवर त्याला घ्यायला मी एकटा होतो. हार-तुरे नव्हते. हरलेल्याला कोण हार घालतो. फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं मला ती लढत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. एकदाच. पुन्हा कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. त्याला नेणारे प्रशिक्षक पुढं वारले. म्हणजे त्या नऊ मिनिटांचा इकडं साक्षीदार असा तोच, आणि ऐकलेला मी.

पुढं त्याला तिकीट तपासायचं काम मिळालं, मला पार्सल ऑफिस. काळा कोट घातला की तो बॉक्सर वाटायचाच नाही. एकदा बिनतिकिटाच्या एका टग्यानं भर फलाटावर त्याच्या कानाखाली वाजवली. हा हात खाली सोडून उभा राहिला. "दंड भरा," एवढंच म्हणाला. बघे हसले. कुणीतरी म्हणालं, असला कसला ह्यो बॉक्सर. मी पार्सलच्या गोण्यांतून धावत आलो तर त्यानं मलाच अडवलं. "जाऊ दे. रिंगणाभाईर हात उचलायचा न्हाई, फौजीनं सांगितलंय." फौजी मरून तेव्हा किती वर्षं झाली होती. ह्याला शब्द असा धरून ठेवायची सवय होती. मला ती नव्हती, कधीच नव्हती.

आमच्याकडं माणूस मोठा झाला की त्याचं करायचं काय हे कुणाला सुचत नाही, म्हणून त्याचा सत्कार करतात. ऑलिंपिकचं नाव पंचक्रोशीत उशिरा पोचलं, पण पोचलं तेव्हा बोलावणी सुरू झाली. फेटा, शाल, नारळ, वर जेवण. जत्रेतल्या कुस्त्यांना त्याला प्रमुख पाहुणा करायचे आणि जोड लावायला सांगायचे. त्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लाल मातीत उभा राहून तो दोन पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचा आणि घाईघाईनं बाजूला व्हायचा. म्हातारी माणसं त्याचा दंड चाचपून विचारायची, "पैलवान, तितं कुनाला चीत केलं म्हनं?"

"कुनालाच न्हाई बाबा," तो सांगायचा. "मीच मार खाल्ला."

म्हातारे खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, गडी चेष्टा करायलाय.

मी त्याच्यासोबत असायचोच. मोटारसायकल माझी होती, आणि त्याला चार माणसांत बोलायचं जमत नव्हतं. चारठाण्याकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगला गेलो होतो तिथली गोष्ट. त्याला भाषणाला उभं केलं. तो म्हणाला, "मी ऑलिंपिकला गेलो. पैली लढत हरलो. परत आलो. तुमी चांगलं शिका." आणि बसला. पटांगण गार. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. एका बाईंनी दोनदा टाळी वाजवली आणि आपण एकट्याच वाजवतोय हे लक्षात येऊन हात मांडीवर ठेवले. मुख्याध्यापकांनी माईक माझ्याकडं सरकवला. म्हणाले, तुम्ही सोबतचे आहात ना, दोन शब्द बोला.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हा माणूस फार साधा आहे. स्वतःच्या तोंडानं सांगायचा नाही. पहिली लढत तो जिंकला होता."

टाळ्या अशा पडल्या की मांडवाचं कापड हललं.

येताना जिंतूरच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "कामून खोटं बोललास?"

"लेकराइला जरा जोर यावा म्हून."

"हारल्यालं सांगितलं तर लेकरं मरत्यात का?"

मी गाडीला किक मारली. पोळा होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला, आणि मीही पुन्हा सुरू झालो. जित्याची खोड. आधी एक लढत जिंकली होती, मग दोन जिंकल्या. मग उपांत्य फेरी आली. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीला पोचलेला हरला तरी त्याला कांस्यपदक मिळतं, तसा नियमच आहे. तेव्हा पदक आपोआप आलं, त्याला मी तरी काय करणार. "मग पदक दाखवा की," असं कुणी म्हटलं तर "ते बँकेत सुरक्षित आहे" हेही मी ठरवून ठेवलं होतं. कुणी खरं-खोटं बघायला गेलं नाही. इतक्या लांबची लढत, तिला कोण विचारतो.

मी असं का केलं, हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, त्याच्यासाठी. ते खोटं आहे. त्याच्याशेजारी दुसरी खुर्ची माझी असायची आणि दुसरी शाल माझ्या खांद्यावर पडायची. हरलेल्या बॉक्सरच्या सरावाचा जोडीदार म्हणजे कोण? कुणीच नाही. पण पदकवाल्याच्या सरावाचा जोडीदार म्हटलं की लोक वळून बघतात. "ह्यांनीच घडवलं त्यांला," असं एक सरपंच माझ्याकडं बोट करून म्हणाला होता, आणि मी मान खाली घालून हसलो होतो. मला हरवून तो गेला, आणि माझ्या वाट्याचं मी असं वसूल केलं. गुळाला मुंगळा चिकटतो तो गुळाच्या भल्यासाठी नाही.

सुरुवातीला परत येताना तो रागावायचा. मग रागावणं कमी झालं. मला वाटलं, सवय झाली, शहाणा झाला. ती विसरण्याची सुरुवात होती हे मला कळलं नाही. रोज त्याच्यासोबत असणाऱ्या मला कळलं नाही, ह्याची मला आजही चीड येते.

ते कळलं पिंगळीला, एका कार्यक्रमात. माईक त्याच्या हातात होता. तो उभा राहिला, लोकांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे गाडी चुकलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखे होते. "तूच सांग," तो म्हणाला. मी सांगायला लागलो. उपांत्य फेरी रंगात आली, मी डावा हात फिरवून दाखवला, पोरं ओरडली, आणि माझ्या बाजूनं टाळ्यांचा आवाज आला. वळून बघितलं तर तो टाळ्या वाजवत होता. तोंड उघडं टाकून, पहिल्या ओळीतल्या पोरांसारखा, तो स्वतःची न झालेली लढत ऐकत होता. जिंकलो हे कळल्यावर हसला. इतक्या वर्षांत मी त्याला स्टेजवर हसताना पाहिलं नव्हतं.

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. मी आणखी एक गुद्दा वाढवून सांगितला.

पुढं भराभर होत गेलं. परभणीला उतरायचं तर अलीकडंच उतरायचा. डब्यात एकाच माणसाचं तिकीट तीनदा बघायचा. हात थरथरायला लागले, चालताना पाय फाकवून टाकायला लागला. मुदतीआधीच घरी बसला. नांदेडच्या डॉक्टरांकडं नेलं, वहिनी आणि मी. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो उजेडाला धरले आणि विचारलं, डोक्याला मार कधी लागला होता?

"आलिंपिकात लागला असंल," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, एका लढतीनं असं होत नाही. हे वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं लागत गेल्यावर होतं. मोठा फटका असायलाच पाहिजे असंही नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी झोपला होता. वहिनीनं हळूच विचारलं, "भावजी, सरावाला ह्येंच्या समोर कोन असायचं?"

"बदलून बदलून असायचे," मी म्हणालो.

तेव्हापासून मी स्वतःलाही तपासतो. सकाळी उठलं की मनातल्या मनात म्हणतो, नांदेड, लिंबगाव, चुडावा, पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी. सगळी स्टेशनं जागेवर असतात. माझं डोकं शाबूत आहे. चुकवण्यात हुशार होतो म्हटलं ना.

तर त्या सकाळी मी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर बसली होती. एक हात मानेवर. हात काढला तेव्हा मानेला लाल वळ दिसला, दोऱ्यानं कापल्यासारखा. मला वाटलं मंगळसूत्र ओढलं. मंगळसूत्र जागच्या जागी होतं.

"लिंग ओढून घेतलं माजं," ती म्हणाली. "गळ्यात पदक घालून फिरायलीस म्हनले, आन् हिसकलं. दोरा तुटला. जलमल्यापासून गळ्यातनं काडलं न्हाई मी ते, भावजी. बाळंतपनात काडलं न्हाई."

लिंगायतांच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. पाण्याचा घोट त्याची पूजा झाल्यावरच. ती सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती. आणि तरी ती रडत नव्हती. माझ्याकडं बघत होती, आणि ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

"तुमी घातलंय ह्ये त्यांच्या डोक्यात," ती म्हणाली. "मला सगळं ठावं हाय. माज्या भावाच्या गावात भाषन केलतं तुमी, मी बायांत बसले व्हते. तवा ह्येंनी घरी येऊन मला सांगितलं, मी एकबी लढत जितलो न्हाई, त्यो बोलतोय ते धरू नगंस. मी कुनाला बोलले न्हाई. तुमचा मान जाईल म्हून. आता तुमी घातलंय, तुमीच काडा."

आत ओसरीवर तो डबी हातात घेऊन बसला होता. उलटी-पालटी करून दाराच्या उजेडाला धरत होता. मला बघून म्हणाला, "ह्येच्यावर नाव न्हाई घातलं त्येनी."

"ते वैनीचं हाय. दे मला."

त्यानं लगेच माझ्या तळहातावर ठेवली. लढतीआधी स्वतःच्या गळ्यातलं लिंगही तो असंच तेवढ्यापुरतं माझ्याकडं द्यायचा, रिंगणात गळ्यात काही चालत नाही म्हणून. देण्याची ती सवय त्याच्या हाताला अजून होती. मी डबी वहिनीला नेऊन दिली. तिनं ती दोन्ही डोळ्यांना लावली, धुतली, दोऱ्याला गाठ मारली, आणि आत न जाता उंबऱ्याशी उभी राहिली. माझ्या बोलण्याची वाट बघत.

मी त्याच्यासमोर बसलो. "ऐक. तुला पदक मिळालंच न्हाई. तू पैलीच लढत हारला व्हतास."

तो हसला. मग हसू गेलं. "कोन म्हनतंय?" आणि उजवी मूठ वळली. थरथर होती, पण मूठ बरोबर वळली होती, अंगठा बाहेर. मी घाबरलो, हे लपवत नाही. आणि घाबरलो की मी जे करतो तेच केलं. पळवाट काढली.

"बरं, तुजं ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "एक गडी व्हता, त्येची लढत सांगतो." मनात म्हटलं, एकेक बारकावा सांगू, कुठंतरी त्याला स्वतःची ओळख पटेल.

मग मी ती सांगितली. फलाटावरच्या बाकावर त्यानं मला दिली होती तशी, एक शब्द कमी-जास्त न करता. माझ्या जन्मात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो. पहिल्या फेरीत त्या गड्याला समोरचा सापडेचना. उंच होता, डावखुरा होता, लांबून टोचायचा आणि सरकायचा. गड्याचे गुद्दे नुसते वाऱ्यात. दुसऱ्या फेरीत समोरच्याचा डावा हात कानशिलावर बसला. पंचानं थांबवून आठपर्यंत आकडे मोजले. गड्याला आकडे ऐकू येत होते, पण कुठल्या भाषेत ते कळत नव्हतं. तिसऱ्या फेरीला तो उठला तेव्हा त्याला पक्कं माहीत होतं की आपण हरलोय. हरलोय तर हरलोय म्हणाला, आणि पुढं गेला. दोन खात, एक देत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यानं त्या उंच्याला दोरीला रेटलं आणि बरगड्यांवर असा हाणला की समोरच्याच्या तोंडातलं दातांचं कवच उडून पडलं. बघायला आलेल्या लोकांना ह्याचं नाव म्हणता येत नव्हतं, पण लोक उभे राहिले. तेवढ्यात घंटा झाली. जिंकला समोरचाच. पण त्याचा हात वर करायला पंचाला तो ओढावा लागला, इतका तो दमला होता. गडी खोलीत येऊन रडला नाही. वजन राखायला दोन दिवस उपाशी होता. त्यानं केळी खाल्ली.

तो कान देऊन ऐकत होता. हात थरथरायचे थांबले होते.

एक वाक्य राहिलं होतं. ते गाळता आलं असतं. आजवर मी किती गाळलं, किती घातलं, माझ्याशिवाय कुणाला कळलं? पण वहिनी उंबऱ्याशी होती, आणि तिच्या मानेवरचा वळ मला बसल्या जागेवरून दिसत होता.

"मंग त्यो गडी घरी आला," मी म्हणालो, "आन् सरावाच्या जोडीदाराला म्हनला, त्या उंच्याचा मार तुज्यापेक्षा हलका व्हता रे. तुज्या हाताचं इतकी वर्सं खाल्लं, म्हून उबा राहिलो."

तेव्हा मी हे कौतुक म्हणून घेतलं होतं. बाकावर बसल्या बसल्या छाती फुगली होती माझी.

"म्हंजे समोर तुमीच असायचे," वहिनी म्हणाली.

"व्हय."

"रोज."

"व्हय, वैनी."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, ओळखलं. शेवटी ओळखलं.

"लय चांगला लढला की त्यो," तो म्हणाला. "कोन व्हता?"

"व्हता एक," मी म्हणालो. "आपल्याच भागातला."

"आन् पदक न्हाई दिलं त्येला?"

"न्हाई. हारला त्यो."

"हारला म्हून काय झालं. असं लढतंय का कुनी." तो भिंतीला हात टेकून उठला, पाय फाकवत उंबऱ्यापर्यंत गेला आणि बायकोसमोर उभा राहिला. आवाज एकदम मऊ होता, मागच्या कित्येक महिन्यांत तसा झाला नव्हता.

"आता तरी काड की गं ते पदक," तो म्हणाला. "माज्यासाटी न्हाई मागायलो. त्या गरिबाला देऊन टाकू."

वहिनी त्याच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.